काजूचा भाव मी केला

बाबांनी घोडी विकली नाही. मी विकली.

आज सकाळी नावड्याच्या स्मशानात कुणीतरी हसत म्हणालं, "म्हाताऱ्यानं घोडीचे बक्कळ पैसे घेतले होते हां त्या काळात!"
बाबांची चिता अजून पेटायची होती.

तिथे भांडायची जागा नव्हती. म्हणून ही पोस्ट. रागात लिहितोय, गोड काही वाचायला मिळणार नाही.

ऐंशीनंतरची वर्षं. बाबांचा टांगा नावडे ते पनवेल चालायचा. घोडीचं नाव काजू.

मग नव्या शहरासाठी जमीन गेली. मोजणीला साहेब आले. आंबे मोजले, विहीर मोजली, गोठ्याच्या भिंतीलासुद्धा रेट लावला.

बाबांनी विचारलं, "आनि माझी घोडी?"

"काका, ती चालत येईल तुमच्याबरोबर. तिची भरपाई नसते."

"भिंतीला किंमत हाय नि तिला नाय?" बाबा असे भडकले की साहेबांचा चहा तसाच राहिला.

गवताच्या जमिनीला तारेचं कुंपण पडलं. रिक्षा आल्या. टांग्याच्या कमाईत विकतचा चारा भागेना. काजूच्या फासळ्या दिसायला लागल्या, तेव्हा बाबाच म्हणाले, "गिऱ्हाईक बघ."

कल्याणचा एक व्यापारी आला. वरातींसाठी घोड्या ठेवायचा.

जनावराचा भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबायची. एक बोट म्हणजे हजार.

त्याने रुमाल टाकला. बाबांनी आत हात घातला आणि मूठ मिटून घेतली.

"मामा, बोट द्या की. मुठीचा अर्थ काय लावू मी?"

"लाव तुला काय लावायचा तो."

"फुकट देताय काय?"

बाबांनी त्याला आईवरून शिवी हासडली. तो उठलाच.

मी तेव्हा बावीसचा. शाळा सातवीत सुटलेली, पण घरातलं सगळं लिहिणं माझ्याकडे. टेन्शन हेच, की हा गेला तर दुसरा येणार नाही आणि काजू दावणीला उपाशी मरेल.

मी रुमालाखाली हात घातला. तीन बोटं दाबली.

"मंजूर."

घासाघीस नाही, काही नाही. तिथेच कळलं. कमी सांगितले होते.

त्याने तीन हजार मोजले. बाबांनी विचारलं, "तीन कुठून काढलेस?"

मी खिशातला कागद वाचून दाखवला. वय चौदा, त्याचे एवढे कमी. मागच्या खुराला चीर, त्याचे कमी. खांद्यावर केसांचा अशुभ भोवरा, त्याचे कमी. आदल्या दिवशी तीनदा तपासलेली यादी होती ती.

बाबा म्हणाले, "मी तापानं टांग्यात पडलो व्हतो, तवा एकटी घरी घेऊन आली मला. तेचे किती धरलेस?"

धरले नव्हते.

पैसे आईने घेतले. बाबांनी त्यांना हात लावला नाही. माझ्याशी चार महिने बोलले नाहीत, आणि पुढे आयुष्यभर काजूचं नाव माझ्यासमोर काढलं नाही.

त्या साहेबांचा राग येतो. आज हसणाऱ्याचा येतो. सगळ्यात जास्त कुणाचा, ते कळलंच असेल.

दहाव्याला मी घरीच आहे. घोडीबद्दल ज्याला बोलायचंय, त्याने माझ्या तोंडावर बोलावं. बाबांचं नाव घ्यायचं नाही.

बाबा, तुम्ही निघा आता.
पाया पडतो.