वरून यायचा फोन

आजवर हे मी कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आणि ज्याच्याजवळ बोलायला हवं होतं त्या धाकट्या भावाजवळ, दत्ताजवळ, तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल. यात धाडस काही नाही.

मी अंतराळ स्थानकावर फ्लाइट इंजिनिअर होतो. नाव भारदस्त, काम घरगड्याचं. गाळण्या बदलायच्या, पंप खोलायचे, संडास बिघडला तर तोही आपणच बघायचा. आमच्या गावी, बोरीला, आबांचं, म्हणजे वडिलांचं, पंपाच्या मोटारी भरायचं, म्हणजे त्यांची तार नव्यानं गुंडाळायचं, दुकान होतं. जळालेल्या मोटारीची तार उलगडायला मी तिथंच शिकलो. वरून फोन लावला की आबा तब्येत विचारत नसत. "काय खोलायलास रे आज?" एवढंच. मी सांगायचो, आणि ते पलीकडून खुशीत हसायचे.

तिथल्या फोनचं एक आहे. वरून खाली लावता येतो, खालून वर लागत नाही. घरच्यांनी नुसती वाट बघायची. मधेच संपर्क जातो, लाईन तुटते — हे घरात सगळ्यांना पाठ झालेलं. किती सोयीचं, नाही?

पोशाख चढवून स्थानकाच्या बाहेर, उघड्यावर काम करायची माझी पाळी ठरली होती. उमेदीची सगळी वर्षं मी त्या एका दिवसासाठी घातली होती. आदल्या दिवशी नियंत्रण केंद्रातल्या डॉक्टरांचा निरोप आला — भावानं कळवलंय, वडील परभणीला दवाखान्यात आहेत, तुझ्याशी बोलायचं म्हणतात. गंभीर असेल तर सांग, उद्या तुझ्या जागी दुसऱ्याला पाठवू.

त्या शेवटच्या वाक्यापाशी मी अडकलो. आबांपाशी नाही.

जुना दमा आहे, दर हिवाळ्यात होतं, असं मी सांगितलं. आबांना दमा कधीच नव्हता. मग दत्तानं पुन्हा केंद्राकडे बोभाटा करू नये म्हणून त्याला निरोप धाडला — फोन हातातच ठेव, लाईन मिळाली की लावतो.

लाईन होती. चांगली स्वच्छ होती. आबांचा आवाज ऐकला असता तर माझा कापरा झाला असता, पुढच्या बोलण्यात डॉक्टरांनी तो ओळखला असता — पण ही कारणं झाली, आणि कारणं मला द्यायची नाहीत. मी फोन लावला नाही. उद्याची हत्यारं पट्ट्यांना अडकवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी बाहेर पडलो, काम फत्ते केलं. आत आल्यावर कळलं, आबा गेले. आदल्याच दिवशी. भाऊ सुखरूप आत येईपर्यंत त्याला सांगू नका, असं दत्तानंच केंद्राला विनवून ठेवलं होतं.

परतल्यावर बोरीत माझा सत्कार झाला. शाल, नारळ, पोरांच्या टाळ्या. मी हात जोडून हसत होतो. कार्यक्रम आटोपल्यावर दत्ता मला दुकानामागं घेऊन गेला. वॉर्डात रेंज नव्हती, म्हणून तो माझ्या फोनसाठी दवाखान्याच्या गच्चीवर जाऊन उभा राहिला होता. कितीतरी वेळ. आबांनी त्याला हाका मारल्या, असं शेजारच्या खाटेवरच्या माणसानं नंतर सांगितलं. तो खाली आला तेव्हा नर्स तोंडावर चादर ओढत होती.

म्हणजे शेवटी आबांजवळ कुणीच नव्हतं. मी वर, दत्ता गच्चीवर — आणि त्याला गच्चीवर मीच उभं केलेलं.

"भाऊ, माझाच फोन डबडा व्हता," दत्ता म्हणाला. "तू तर वरून लावायलाच असशील. मलाच घेता आला न्हाई. माफ कर मला."

तेव्हा कोण अडवत होतं मला? कुठले डॉक्टर? कुठलं काम? एक वाक्य बोलायचं होतं, आपल्याच भावाशी, आपल्याच भाषेत.

दत्ता आजही जेवताना फोन ताटाशेजारी ठेवतो. वाजला की दचकतो, घास टाकून उठतो. मी समोर बसून जेवत असतो.

त्या दिवशी दुकानामागं तो हमसून हमसून रडत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, "असू दे" म्हणालो, आणि त्याला माफ केलं.