रेडिओ मीच केला होता

आमच्या घराण्यात बी.एस्सी. झालेला मी पहिला. अमरावतीच्या कॉलेजातून अकोल्याजवळच्या आमच्या मळ्यावर परतलो. बाबा वांगी अन् झेंडू बाजारात नेत, मी रेडिओ करत बसे. विकतचे फक्त व्हॉल्व्ह, बॅटरी अन् कर्णा. कंडेन्सरची पाती मी रॉकेलच्या डब्यातून कातरली होती, तार बांबूच्या पेरावर गुंडाळली होती. दूरदेशीचे हौशी रेडिओवाले तारेच्या टिकटिकीत एकमेकांशी बोलत, ते आमच्या मळ्यात ऐकू येई.

शहरातल्या शाळेत विज्ञानाच्या मास्तराची जागा निघाली. हेडमास्तर म्हणाले, "माळ्याच्या पोरानं रेडिओ केला? दसऱ्याला येतो. वाजला तर जागा तुझी."

आदल्या दिवशी खंडेनवमी. मी बॅटरी भरून आणायला शहरात गेलो होतो. मायनं विळे, खुरपी, कुदळी धुऊन मांडल्या अन् माझा उघडा रेडिओही त्याच रांगेत ठेवला. पाणी शिंपडलं, पात्यांना हळदकुंकू लावलं. लेकाचं हत्यार तेच, मग पूजेविना कसं ठेवणार?

दसऱ्याला मी बॅटरी आणून जोडली तोच हेडमास्तर आले, सोबत शाळेच्या कमिटीतले वकील. मी बटण फिरवलं. कर्णा गप. वाकून पाहिलं तर कालचं अजून ओलसर कुंकू पात्यांच्या फटींत बसलेलं. त्या फटी मोकळ्या नसल्या तर काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

"पूजा केली की वाजतो वाटतं यांचा!" हेडमास्तर म्हणाले. वकील खो खो हसले.

"पाती पुसतो सर, जरा बसा."

"ज्याच्याकडून करवून घेतलास त्यालाच बोलाव की!"

मी त्यांच्या डोळ्यांदेखत स्क्रू काढले, एकेक पातं रॉकेलच्या चिंधीनं पुसून जागेवर बसवलं. ज्यानं केला नाही त्याला हे जमेल? यापेक्षा वेगळा पुरावा काय असतो? पण ते दोघं सोनं वाटायला निघाले होते, घाईत.

ते टांग्यात चढले अन् कर्ण्यातून टिकटिक सुरू झाली.

"सर, वाजून राहिला! या ना!" मी धावत गेलो.

हेडमास्तरांनी ऐकलं. नक्की ऐकलं. टांगेवाल्याला म्हणाले, "चल रे."

माय दारात रडत उभी. "माह्या हातानं तुई नोकरी गेली रे."

"तुया हातानं नाई, माय," मी ओरडलोच. "त्याइले वाजलेला पायजेच नव्हता!"

आजही ते हसू आठवलं की डोकं तापतं.