नहरबागेत चालून दाखवलं, त्याची गोष्ट

बाळांनो,

मला चालता येतं की नाही, हे पाहायला एकदा पुण्याहून माणसं आली होती.

हे आत्ता आठवलं ते तुमच्या फोटोमुळे. जुन्या कालव्याकाठची बाग, कडाक्याची थंडी, कानटोप्या घालून तुम्ही उभे, आणि फोटोमागे धाकटीचा प्रश्न : "आजी, तुमच्याकडे असं काही होतं का?" होतं तर! पुढच्या आठवड्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, त्याच्या आत लिहून टाकते. (नंतर स्वतःचं अक्षर स्पष्ट दिसलं, तर लिहायचा धीर होणार नाही.)

आपला वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता, आणि मी अमरावतीच्या बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाले होते. त्यामुळे माझ्या डोक्याबद्दल कुणाला शंका नव्हती, शंका पायांबद्दल होती! मुलगी लंगडत तर नाही ना, म्हणून पाहायला आलेले लोक तिला चालायला लावत. मी मामांना बजावलं, "बैठकीत मी चालून दाखवणार नाही. बाजारात गोऱ्हा पाहतात तसं!"

"मंग काय उडून दाखोतं वं?" मामा म्हणाले.

शेवटी तोड त्यांनीच काढली. धामणगाव बढ्याच्या वाटेवर एक बाग होती. मधून जुनी दगडी नहर वाहायची, दोन्ही काठांना पेरूची झाडं. तिथं गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेचे रोडगे भाजायचे, भरीत करायचं, आणि जेवणाआधी सगळ्यांनीच फेरी मारायची. त्यात मुलगीही चालेल. कुणाचा अपमान नाही!

मी बोर्डिंगातल्या फॅशनप्रमाणे गोल पातळ नेसले, चपला घातल्या आणि बैलगाडीतून रुबाबात उतरले. मायनं लगेच दंड धरला.

"चपला काढ वं! सासूसमोर चपला घालून मिरोतं काय?"

"माय, सासू झाली नाही अजून."

"अन् अशानं होनारबी नाई!"

चपला गाडीतल्या कडब्याखाली गेल्या. पुढे मामा, मधे अनवाणी मी, मागे मुलाची आई शाल पांघरून, आणि तिच्या मागे चष्मा आणि लोकरी कोट घातलेला मुलगा. अशी वरात निघाली, आणि पहिल्याच वळणावर माझ्या टाचेत सराटा घुसला!

वाकून काटा काढावा, तर डोक्यावरचा पदर जाणार. थांबावं, तर दम लागतो म्हणणार. मग मी तशीच चालत राहिले, म्हणजे शक्य तेवढ्या ऐटीत लंगडत राहिले.

मागून आवाज आला, "अहो, मुलगी डावा पाय ओढते का?"

"छे छे!" मामा दचकून वळले. "हरनी हाये हो आमची पोरगी! हे नहर एका उडीत पार करते!"

मामांनी मला उडी मारताना कधी पाहिलं नव्हतं. मीही पाहिलं नव्हतं. पण मॅट्रिक झालेल्या मुलीनं माघार घ्यायची? नहर काही फार रुंद नव्हती. गोल पातळ मात्र फारच अरुंद होतं.

माझे हात पलीकडे पोचले. बाकीची मी पाण्यात!

पाणी गुडघाभर, पण बर्फासारखं. तुमच्या आजोबांना (तेव्हा ते नुसतं स्थळ होते) पोहता येत नव्हतं, तरी त्यांनी कोटासकट उडी घेतली, आणि शेवाळावरून घसरून सपशेल आडवे झाले. मी त्यांना कॉलर धरून काठावर ओढलं.

"अरे, तू तिला काढायला गेला होतास ना?" त्यांच्या आईनं विचारलं.

"हो, आई," चष्म्यातून पाणी गाळत आजोबा म्हणाले.

मग आम्ही दोघं पोती पांघरून विस्तवापाशी बसलो. रोडगे खमंग भाजत होते. मायचा चेहरा पाहवत नव्हता. आणि मला नेमकं तेव्हाच, दात वाजत असताना, कळलं, की हे स्थळ मला हवं आहे.

"मुलगी धीट आहे हो," त्यांच्या आईनं घसा खाकरला. "पण पायाचं..."

आजोबा वाकले. त्यांनी सरळ माझी टाच हातात घेतली, काटा उपटला आणि उंच धरला. "आई, सराटा आहे."

काट्याकडे कुणी पाहिलंच नाही! सगळे त्यांच्या दुसऱ्या हाताकडे पाहत होते. तो अजून माझ्या पायाला होता. वडीलधाऱ्यांसमोर!

"अग माय वं!" मायनं तोंडावर पदर घेतला. "पोरानं पोरीच्या पायाले हात लावला!"

मामांनी संधी सोडली नाही. "आता काय राह्यलं मंग? गूळ घ्या, तोंड गोड करा!"

सासूबाईंनी लेकाकडे पाहिलं. "ठरवून टाका," त्या म्हणाल्या. "उद्या हा आणखी कुणाच्या पायाला हात लावून बसेल, सांगता येत नाही."

त्या दिवशी आपण मला बुडताना वाचवलं, असं आजोबा शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत. मी मान डोलवत असे.

आता आजोबा नाहीत, बागही नाही. तिथं कपाशी आहे. नहरेचा थोडा दगडी काठ तेवढा उरलाय. आत पाणी नाही, त्यामुळे माझ्यासारखीनं पुन्हा उडी मारायला काहीच हरकत नाही. फक्त तेवढे गुडघे माझ्याकडे उरलेले नाहीत.