गटप्रमुखाची निवडणूक

महाळुंगे पडवळच्या बाजूच्या एका गावात मी दर शनिवारी मुलींचा गट घ्यायला जाते. तेरा ते सतरा वर्षांच्या एकवीस मुली, शाळेची एक खोली आणि त्यांना नेतृत्व शिकवायला आलेली मी. घरी माझं कुणी ऐकत नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी ठरवलं, गटप्रमुख मुलींनीच निवडायची, तीही गुप्त मतदानाने. मी हौसेने चिठ्ठ्या कापल्या, लाडवांच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला फट पाडली. घोडेगावहून एसटीत बसले तेव्हा तो डबा मांडीवर इतका जपून धरला होता की शेजारच्या बाईंनी, "लेकीकडं चालल्या वाटतं?" म्हणून विचारलं.

पोचले तर निवडणूक उरकलेली.

"ताई, बिनविरोध केली," त्यांच्यातली थोरली म्हणाली. "कालच बसलो व्हतो सगळ्या. आमच्या गावात तसंच असतंय. उगं भांडणं नकोत."

बापांनी, चुलत्यांनी देवळात बसून पदं वाटावीत, तशी यांनी बैठक घेतली होती. इच्छुक दोघी. कबड्डीच्या कॅप्टनला प्रमुखपद आणि दुसरीची समजूत काढून तिला उपप्रमुखपद. तिने माघारही घेऊन टाकली होती. मला हसूही आलं आणि रागही.

"मग या चिठ्ठ्यांत काय भेळ बांधू?"

सगळ्या खिदळल्या. माघार घेतलेली तेवढी हसली नाही. दहावीतली, चष्मेवाली. लांबच्या वस्तीवरच्या बारक्या पोरींना घरून घेऊन यायची, गट सुटल्यावर खोली झाडायची, कुठल्या कामाला कधी नाही म्हणायची नाही. मी तिला विचारलं, "तुला खरंच चालेल?"

"चालंल की."

मी फळ्याकडे वळले, तेवढ्यात मागून आवाज आला. "न्हाई, ताई. मला व्हायचंय प्रमुख."

सगळ्या माना वळवून तिच्याकडे बघायला लागल्या. आमच्याकडे पोरीने "मला पाहिजे" म्हणणं म्हणजे पंगतीत श्रीखंडाची वाटी पुढे करून आणखी वाढा म्हणण्यासारखं. मला मात्र तिचा मुका घ्यावासा वाटला.

शेवटी डबा कामाला आला. अकरा विरुद्ध दहा. एका मताने ती पडली.

संध्याकाळी ती मला फाट्यापर्यंत सोडायला आली. एका मताने हरणं म्हणजे काही हरणं नव्हे, वगैरे मी सुरू केलं. ती मला मधेच तोडत म्हणाली, "माझं मत मी तिलाच दिलं, ताई."

मी चालता चालता थांबलेच. "अगं, पण का?"

"सोताचंच नाव कसं लिहायचं? लई हावरट वाटलं. आपला हात जगन्नाथ म्हणत्याल."

"कोण म्हणेल? चिठ्ठी गुप्त होती ना?"

"मला तर म्हायती असतं की."

स्वतःला मत दिलं असतं तर ती निवडून आली असती. मला तिचा भयंकर राग आला. सभेत उभं कसं राहायचं, अर्ज कसा लिहायचा, ग्रामसेवकाशी कसं बोलायचं, सगळं शिकवलं होतं मी. हेही शिकवावं लागतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. येणार कुठून? मी तरी माझं नाव लिहिलं असतं का? एसटी आली, आणि मी तिच्या पाठीवर हात फिरवून चढले.

यंदा पुन्हा मतदान झालं. बिनविरोधाचं कुणी नावही काढलं नाही. चौघी उभ्या राहिल्या, त्यात तीही होती. चिठ्ठ्या मोजल्या. तिला चारच मतं. मी धास्तावून तिच्याकडे बघितलं.

ती उठली, चष्मा नाकावर सारखा केला आणि सगळ्यांसमोर खणखणीत म्हणाली, "तिघींचे आभार. चौथं माझंच हाय."