धोंडू घाडीचे घट्ट टॅपेट

घरी ट्यूनिंग करून बिघडवलेली गाडी माझ्याकडे आली की माझं डोकं फिरतं. सरळ सांगतो. गाडी जुनी झाली, झिजली, कुठे ठोकली, तर समजू शकतो. पण रविवारी मटण जेवून, बनियनवर, दारात पोतं अंथरून चांगल्या इंजिनाची वाट लावायची आणि सोमवारी माझ्यापुढे येऊन उभं राहायचं, "मिस्त्री, जरा बघा ना, कालपासून नीट चालत नाही." अरे बाबा, कशी चालेल? काल तू हात घातलास ना?

घाटकोपरला आग्रा रोडला माझं गॅरेज होतं. ट्रक, टेम्पो, डिझेलचं काम. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात अशाच एका सोमवारी धोंडू घाडी आपला ट्रक घेऊन आला. ट्रक फाटकातून आत येतानाच खोकत होता, मडगार्ड थडथडत होतं, मागे पांढरा धूर. शेजारच्या सीटवर नेहमीप्रमाणे त्याची बायको जानकी.

धोंडू कणकवलीकडचा. बावीस वर्षं लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात जॉबर होता, म्हणजे विणायचे साचे बिघडले की ते ठीक करणारा. ब्याऐंशीच्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच. मुलुंडला त्याच्या चाळीतले अर्धे लोक गावाला निघून गेले, काही जण पापड-मसाले विकत दारोदार फिरले. धोंडूचं नशीब त्यातल्या त्यात बरं. जानकीचा भाऊ गल्फला गेला आणि जाताना आपला जुना ट्रक ह्याला देऊन गेला. त्या ट्रकमधून धोंडू भिवंडीकडचा पेंढा आरे कॉलनीतल्या म्हशींच्या गोठ्यांना पोचवायचा. मुलुंडच्या त्या चाळीत 'डायवर धोंडू' म्हणून त्याला मान होता. माझ्याकडे तो तीन वर्षं येत होता. गप्प माणूस. बोलताना सरळ तोंडाकडे बघायचा, मला वाटायचं काय मन लावून ऐकतो हा.

जानकी प्रत्येक खेपेला सोबत असायची. आम्ही चेष्टा करायचो. "काय धोंडू, वहिनीला घरी ठेवलं तर कोण पळवून नेणार आहे का?" तो हसायचा. ती नाही हसायची.

"काय झालं?" मी विचारलं.

"सकाळी बरी आसता रे, माणिक. तापली काय थरथरता. पवईचो चढाव चढणा नाय."

"घरी काय केलंस ते सांग आधी."

"काय नाय. फिल्टर धुतलंय, ग्रीस भरलंय, टॅपेट जरा सेट केलंय."

"कशानं केलेस? गेज आहे तुझ्याकडे?"

त्यानं उजव्या हाताचा पंजा दाखवला. "हातान."

मी मनात दोन शिव्या घातल्या आणि इंजिन चालू ठेवायला सांगितलं. सहा सिलिंडरचं इंजिन. त्यातला कुठला सिलिंडर काम करत नाही हे शोधायची रीत सोपी असते. डिझेलचा एकेक पाइप जरासा ढिला करायचा. काम करणाऱ्या सिलिंडरचा पाइप ढिला झाला की इंजिन दबतं, आवाज बदलतो. ढिला करूनही आवाज तसाच राहिला तर समजायचं, हा आधीपासूनच झोपलेला आहे. मी पान्हा घेऊन वाकलो. धोंडूला समोर उभा केला, म्हटलं दोघांचे कान असलेले बरे.

पहिला पाइप ढिला केला. इंजिन दबलं. "फरक पडला?" मी मान खाली घालूनच विचारलं. उत्तर नाही. मान वर करून पुन्हा विचारलं. "पडलो," तो म्हणाला. दुसऱ्यालाही पडला. तिसऱ्याला काडीचा फरक पडला नाही, इंजिन होतं तसंच थडथडत राहिलं. धोंडू म्हणाला, "पडलो."

मला राग आला. वाटलं, हा माझी फिरकी घेतोय. चौथ्या पाइपवर मी पान्हा नुसता टेकवला, फिरवलाच नाही, आणि त्याच्याकडे बघून विचारलं, "आता?"

"पडलो ना."

तो इंजिनकडे बघतच नव्हता. माझ्या ओठांकडे बघत होता. मी इंजिन बंद केलं, हात पुसत पुसत त्याच्या मागे गेलो आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "धोंडू, तुझ्या शर्टावर पाल आहे."

धोंडू बॉनेटमध्ये बघत उभा राहिला. कॅबिनमधून जानकीनं मात्र मान वळवून माझ्याकडे पाहिलं. किती तरी वेळ बघत राहिली ती.

मी टॅपेटचं कव्हर उघडलं. आत तेलात बसलेले, व्हॉल्व उघडणारे बारा टॅपेट. प्रत्येकाच्या खाली बोटाच्या नखाहून कमी फट लागते, गेजची पातळ पट्टी जेमतेम सरकेल एवढी. ती फट असते म्हणून इंजिन तापल्यावर लोखंड फुगलं तरी व्हॉल्व पूर्ण मिटतो. धोंडूनं सगळे टॅपेट गच्च आवळून टाकले होते. पट्टी कुठे शिरेचना. थंड असताना निभत होतं. तापल्यावर व्हॉल्व मिटतच नव्हते आणि तीन नंबर, पाच नंबर मरून पडत होते. असाच अजून पंधरा दिवस चालवला असता तर व्हॉल्व जळून खाक झाले असते.

"कशाला आवळलेस रे इतके?" मी त्याच्यासमोर तोंड करून विचारलं.

तो मनापासून समजावून सांगायला लागला. गोठ्यावरचे लोक म्हणाले की तुझ्या गाडीत टकटक वाजतं. मग ह्यानं कव्हरवर पंजा ठेवून बघितला, हाताला बारीक ठोके लागले. साच्याला असंच बघतात म्हणे. साचेखात्यात कानाचं काही चालत नाही, शेकडो साचे एकदम आपटत असतात, जॉबर नुसता हात ठेवून सांगतो कुठे काय सैल आहे ते. आणि सैल दिसलं की आवळायचं. साच्यात ढील म्हणजे दोष. सूत घेऊन फिरणारा धोटा उडतो, कापड फाटतं. म्हणून हा एकेक टॅपेट आवळत गेला, हाताला ठोका लागेनासा होईपर्यंत.

बावीस वर्षं ज्या हातानं गिरणी चालवली त्याच हातानं त्यानं इंजिन बिघडवलं होतं, आणि त्याला वाटत होतं आपण झकास काम केलं. मी त्याला कोपऱ्यावर चहा सांगायला पाठवला.

तो गेला तशी जानकी खाली उतरली. पदर कमरेला खोचलेला, चेहरा उतरलेला.

"कळला ना तुमका, भावजी?" ती म्हणाली.

"कधीपासून?"

"गिरणीत असतानाच कमी होता. आता भांडा पडला तरी वळणत नाय." मग तिनं सगळं सांगितलं. साचेखात्यातली माणसं ओठ बघून, बोटांच्या खुणांनी बोलायची, त्यामुळे इतकी वर्षं कोणाला पत्ता लागला नाही. ट्रक आला तशी ती शेजारी बसायला लागली. मागून हॉर्न वाजला की ती त्याच्या मांडीवर हात ठेवायची. लोक हसायचे, तिला लाज वाटायची, पण ती उतरली नाही. गेल्या महिन्यात तिला ताप होता म्हणून तो एकटा गेला. आरेच्या गोठ्यावर गाडी मागे घेताना एक दूधवाला सायकल घेऊन मागे उभा होता. ओरडला, पत्र्यावर हात आपटले. शेवटी सायकल टाकून बाजूला उडी मारली म्हणून वाचला. सायकलचा चपटा पत्रा झाला.

"आज सायकल होती," जानकी म्हणाली. "उद्या कोणाचा तरी पोर असात. भावजी, ही गाडी बरी करू नका. इंजिन मेला म्हणान सांगा त्यांका. तुमचा ऐकतीत."

मी तिच्यावर भडकलो. म्हटलं, वहिनी, ह्या धंद्यात मी गिऱ्हाइकाला हजार गोष्टी ऐकवल्यात, पण चांगल्या इंजिनाला मेलेलं कधी म्हटलेलं नाही, आणि आता म्हणणार नाही. ती पुन्हा कॅबिनमध्ये जाऊन बसली. मी रागारागानं टॅपेट सेट केले. खरं सांगू? हात थांबतच नव्हते. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. व्हॉल्व थोडेसे भाजले होते, पण वाचले होते. कव्हर लावलं, स्टार्टर मारला. इंजिन गुळगुळीत चालायला लागलं. टॅपेट बारीक टिकटिकत होते, तसे टिकटिकायलाच हवेत.

धोंडू परत आला होता, चहा थंड झाला होता. धोंडूनं इंजिनावर पंजा ठेवला, डोळे मिटले आणि हसला. त्या तीन वर्षांत मी त्याला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. मला भयंकर वाईट वाटलं. पण आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही हेही कळत होतं. त्याच्या खांद्याला धरून त्याला माझ्याकडे वळवलं.

"धोंडू, तुला ऐकू येत नाही. तू गाडी चालवायची नाहीस."

"येता रे. जरासा कमी येता."

"सायकलचं कळलं मला."

त्यानं वळून जानकीकडे पाहिलं. मग हात पुढे करून स्वतःच इंजिन बंद केलं आणि तिथल्या एका टायरवर बसला. जानकी खाली उतरून त्याच्या बाजूला उभी राहिली.

"माका चाकाखाली दगड वाटलो," तो शेवटी म्हणाला. "खाली उतरलंय तर तो माणूस माझ्यासमोर हात नाचवी होतो. तोंड नुसता उघडा-बंद होय होता. रडत होतो तो, माणिक."

मी म्हटलं, दुसरा ड्रायव्हर ठेव. नाहीतर गाडी वीक, चालू गाडी कोणीही हसत हसत घेईल. त्यानं मान हलवली. दुसरा ड्रायव्हर का ठेवलास, चालू गाडी का विकलीस, लोक विचारणारच. चाळीत गिरणीतला एक म्हातारा होता, ठार बहिरा. पोरं त्याच्या पाठीमागे डबे वाजवायची आणि मोठी माणसं गॅलरीत उभी राहून हसायची. धोंडूही हसला होता कधीतरी, तो स्वतःच म्हणाला. आंधळा दिसला की माणसं हात धरून रस्ता ओलांडून देतात, बहिऱ्याची टिंगल करतात.

"माणिक," तो म्हणाला, "माझे कान गेले असा सांगू नको. इंजिन गेला म्हणान सांग."

बायकोनं मागितलं तेव्हा जे मी नाही म्हणून झटकलं होतं, तेच आता नवरा मागत होता. कारण मात्र वेगळं. मी हो म्हटलं. का म्हटलं ते मला विचारू नका.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एकाचा ट्रक मागून आणला आणि धोंडूची ठणठणीत गाडी दोरखंडानं त्याला बांधली. धोंडूचा हट्ट होता की आधी मुलुंडला न्यायची, लोकांना बघू दे. मी पुढे, तो मागे स्टिअरिंगवर, भांडुपवरून भरदुपारी चांगलं इंजिन प्रेतासारखं ओढत नेलं. चाळीच्या फाटकापाशी चार दिवस ती गाडी उभी होती. शेजारचे येऊन टायरला हात लावून हळहळायचे. म्हणायचे, त्या घाटकोपरच्या मिस्त्रीनं खाल्ली गाडी, साधं टॅपेटचं काम जमलं नाही मेल्याला. माझी दोन-तीन गिऱ्हाइकं तुटली त्यात. मी ऐकून घेतलं. मी, ज्यानं आयुष्यात कोणाचं ऐकून घेतलं नाही.

पाचव्या दिवशी कुर्ल्याला भंगारात नेली, तशीच दोरीनं, जानकी नेहमीप्रमाणे धोंडूच्या शेजारी. भंगारवाला म्हातारा होता, कामाचा पक्का. गाडीभोवती फिरला, बॉनेट वर केलं. त्याच्या मागे दोन माणसं घण घेऊन उभी होती. त्याची पद्धत अशी की चालू इंजिन असेल तर अलगद उतरवून बाजूला ठेवायचं, दुसऱ्या कुठल्या तरी गाडीत बसतं ते. बंद असेल तर जागच्या जागी फोडायचं.

"इंजन चालू है क्या?" त्यानं विचारलं.

धोंडू म्हणाला, "नाय. बंद हाय. मिस्त्रीक विचार."

म्हाताऱ्यानं बॉनेटमध्ये हात घालून चाचपलं. ताजं तेल, स्वच्छ कव्हर, नवीन आवळलेले नट. त्याच्या बोटांना संशय आला असणार. त्यानं माझ्याकडे पाहिलं. धोंडूनंही पाहिलं.

"बंद है," मी म्हटलं. "फोड डालो."

त्यानं त्या दोघांना खूण केली. पहिला घण बसला तेव्हा मी दचकलो. धोंडू पाठ करून उभा होता, जानकीला काहीतरी सांगत. तो सांगतच राहिला.