गोळीचं पाणी

माझ्या नणंदेनं आपल्या पोटच्या लेकीला स्वतःला आत्या म्हणायला शिकवलं, तेव्हा ती पोर अडीच वर्षांची होती. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत, माझ्या शिलाई मशीनशेजारी जमिनीवर बसून त्यांनी ते काम केलं. पदरात शेंगदाणे घेतले होते. माझ्याकडे बोट दाखवून विचारायचं, ही कोण? पोर म्हणायची, मामी. मग शेंगदाणा नाही. आई म्हणाली की शेंगदाणा. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून, आन् मी कोण? पोर हसून आई म्हणायची, तिला ती थट्टाच वाटत होती. दुपार कलेपर्यंत दोन्ही शब्द तिच्या तोंडात बरोबर बसले आणि पदरातले शेंगदाणे संपले.

नवऱ्याची थोरली बहीण म्हणून मी त्यांना वन्सं म्हणते. त्यांचं सासर पाचोडच्या बाजूचं, मेंढरांवर जगणारं घर. पावसानं पाठ फिरवली तशी मेंढरं विकली गेली आणि त्यांचा नवरा इथं शहरात कंपनीत लागला. तो खंगत गेला, त्याला आम्ही सगळे कावीळ समजत होतो. शेवटी रक्तात एचआयव्ही निघाला आणि थोड्याच दिवसांत तो गेला. मग वन्संची तपासणी झाली. त्यांनाही होता. पोरीची दोनदा तपासणी केली, तिला काही नव्हतं. त्या वर्षी देवानं आमच्यासाठी एवढंच केलं. गोळ्या तेव्हा निघाल्या होत्या, पण विकत घ्याव्या लागत आणि आमच्यासारख्यांनी त्यांचं नावही काढू नये अशी त्यांची किंमत होती.

तेव्हा वन्संनी आवरायला घेतलं. लग्नघर आवरावं तसं त्यांनी स्वतःचं आवरलं. उरल्यासुरल्या शेळ्या दिराला दिल्या, बरी लुगडी जावेला दिली आणि पोर आम्हाला दिली. मी म्हटलं, द्यायची तर द्या, पण आत्या कशाला म्हणायला लावता? त्या म्हणाल्या, “आई मेली तर पोर जलमभर रडंल. आत्या मेली तर दोन दिस रडंल आन् इसरंल.” माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मांडी रिकामीच होती. पोर मला आई म्हणाली तेव्हा मला इतका आनंद झाला की वन्संकडे बघवेना. मी उठून उगाच कणीक मळायला बसले.

पण वन्सं मेल्या नाहीत.

पुढं सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळायला लागल्या. माझ्या नवऱ्यानं त्यांना जवळजवळ उचलूनच नेलं. तिथल्या समुपदेशक ताईंनी समजावलं की या गोळ्यांनी आजार मुळासकट जात नाही, पण तो दाबून राहतो. अंगातली ताकद परत येते, टीबीसारखी दुखणी लांब राहतात. मात्र एकदा सुरू केल्या की जन्मभर आणि रोज घ्यायच्या. चुकवत राहिलं की विषाणू गोळीला दाद देत नाही. पहिले काही दिवस फार वाईट गेले. उलट्या, चक्कर, भयंकर स्वप्नं. मेलेलं बरं, असं वन्सं माझ्या तोंडावर म्हणाल्या. मी चिडून म्हटलं, मरायचं तर गोळ्या खाऊन मरा, तुमच्या भावानं रजा काढलीय. त्यावर त्या हसल्या आणि गोळी गिळली.

मी ब्लाउज शिवते. माणूस सुधारलं की नाही ते मला टेपवर कळतं. दवाखान्यात रक्तातल्या पेशी वाढल्या म्हणायचे, मी दंडाचं माप घ्यायची. आजारपणात त्यांची पोलकी मीच आत घेऊन दिली होती, आता एकेक टीप उसवायला लागली. शेवटी शिलाईत दाबलेलं सगळं कापड संपलं आणि नवं पोलकं बेतावं लागलं. ते बेतताना मला खरंच बरं वाटत होतं आणि भीतीही वाटत होती. बाई जगली. आता ही आपली पोर मागणार.

त्या दर महिन्याला गावाहून गोळ्या न्यायला यायच्या आणि एक रात्र आमच्याकडे राहायच्या. पोर दारातच नाचायची, आत्या आली, शेंगदाणे आणले का? रात्री मात्र माझ्या कुशीत झोपायची. वन्सं भिंतीकडे तोंड करून पडायच्या. त्या जाग्या आहेत हे मला कळायचं, आणि मलाही झोप यायची नाही. असे किती महिने काढले कोण जाणे. एकदा मात्र मला राहवेना. मशीन थांबवलं आणि सरळ म्हटलं, वन्सं, पोर तुमची आहे, तुम्ही आता चांगल्या झालात, न्यायची तर न्या, पण मला असं टांगून ठेवू नका.

त्या काज करत होत्या. सुई तशीच चालू ठेवून म्हणाल्या, “मरायचं म्हणून दिली व्हती गं. आता मेले नाय म्हणून मागायची व्हय?”

मी मशीन पुन्हा सुरू केलं. पुढं त्यांनी तो विषय कधी काढला नाही, मीही नाही. माझी भीती गेली, आणि तिच्या जागी जे आलं ते भीतीपेक्षा जड होतं. त्या जितक्या धडधाकट दिसायच्या तितकं मला वाईट वाटायचं. दोन पावसाळे आधी गोळी मिळाली असती तर त्या पोरीचा आई हा शब्द कुणी मोडला नसता. पण मग तो माझ्या वाट्यालाही आला नसता. हे दोन्ही विचार मी एकाच डोक्यात घेऊन जगले आहे.

मग दुष्काळाची सालं लागली. आमच्या नळाला आठवडा आठवडा पाणी नसायचं आणि तिकडं गावात टँकरमागं बायका घागरी घेऊन पळायच्या. वन्संच्या खोपटात एक तांब्या कायम झाकून ठेवलेला असायचा. तहान लागली तरी त्यातलं पाणी त्या स्वतःही प्यायच्या नाहीत. ते गोळीचं पाणी. गावात त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. शहरात निघाल्या की छावणीच्या बाजारला चालले म्हणायच्या; छावणी म्हणजे आमच्या शहरातली लष्कराची वस्ती, तिथं आठवडी बाजार भरतो. त्या वर्षी गुरांसाठी चारा छावण्या उघडल्या, तेव्हा शेजारणीनं विचारलं की तुझ्याकडं एक जनावर नाही आणि दर महिन्याला छावणीत काय करतेस? वन्संनी सांगितलं, मीच चरून येते. हे मला सांगताना त्या पोट धरून हसल्या होत्या. परत जाताना पिशवीतली गोळ्यांची डबी एसटीत खुळखुळू नये म्हणून मी तिच्यात ब्लाउजच्या चिंध्या कोंबून द्यायची.

वर्षं गेली. पाचोडकडचा रस्ता रुंद झाला, जिथं ज्वारी उभी असायची तिथं प्लॉट पडले. वन्संच्या आधी दोन वेळा असलेल्या गोळ्या पुढं रात्रीच्या एका गोळीवर आल्या. त्या रोजानं कामाला जायच्या, विटाही उचलायच्या. डॉक्टर म्हणाले, रक्तात विषाणू आता तपासणीत सापडण्याइतकाही नाही, गोळी सोडू नका, आणि इतर बायांसारखं बीपीकडं आणि गुडघ्यांकडं बघा. पोर शिकली, नोकरीला लागली. आत्याला कसला आजार आहे ते आम्ही तिला सांगितलं. त्यापुढचं सांगितलं नाही.

तिचं लग्न बीड बायपासच्या एका मंगल कार्यालयात झालं. भटजींनी पुकारलं, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. माझा भाऊ फेटा बांधून तयारच होता. पण माझ्या शेजारी बसलेला माझा नवरा एकदम उठून उभा राहिला. इतकी वर्षं बाप होऊन राहिलेला माणूस, पण मामा म्हटल्याबरोबर त्याचे पाय आपोआप उठले. पाहुणे बघायला लागले. मागच्या रांगेतून वन्संनी वाकून त्याच्या सदऱ्याचं टोक ओढलं.

“बस खाली,” त्या हळूच म्हणाल्या. “बाप हायस तू.”

तो बसला. माझा भाऊ पुढं झाला आणि पोरीला घेऊन आला. पहिल्यांदा वन्संनी पोर दिली ती आपण मरणार म्हणून. या वेळी चांगल्या ठणठणीत असताना, हातात अक्षता धरून दिली. मला तिथंच हुंदका फुटला. बायका म्हणाल्या, आई आहे, रडणारच.

आता पोरीला मुलगा झालाय, नुकता बोलायला लागलाय. परवा ती त्याला घेऊन आली होती, वन्संही गोळ्या न्यायला आल्या होत्या. आम्ही दोघी जमिनीवर बसून शेंगा फोडत होतो. तो दुडदुडत आला, वन्संच्या गुडघ्याला धरून उभा राहिला आणि म्हणाला, आजी. कुणी शिकवलं नव्हतं. वन्संचा हात सवयीनं माझ्याकडं वळला.

“मी नाय बाळा,” त्या म्हणाल्या. “ती बघ, ती आजी.”

पोर कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं मान वर केली नाही. “आत्या, तूपण आजीच आहेस त्याची,” ती म्हणाली आणि पुढची घडी घातली. आईच्या आत्यालाही आजीच म्हणतात, तेव्हा त्यात वावगं काहीच नव्हतं. तिला किती माहीत आहे ते मी कधी विचारलेलं नाही.

वन्संनी त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवला. मग मान फिरवून म्हणाल्या, जरा पाणी दे गं. मी उठून पाणी आणून दिलं. गोळीची वेळ अजून झाली नव्हती.