धुऱ्याच्या दोन बाजूंना

पुण्याचं हॉस्टेल बंद झालं आणि मी दिग्रसजवळच्या आमच्या तांड्यावर परत आले, तर घरात मला जागाच नव्हती. साथीमुळे खरेदी केंद्र बंद पडलेलं, कापूस कोणी विचारेना. मला वेगळं ठेवता येईल अशी एकुलती एक खोली त्यानं आढ्यापर्यंत भरली होती. बाहेरून आलेल्यांना थेट घरात घ्यायचं नाही, असं तांड्याच्या नायकानं बजावलं होतं. त्यामुळे कापूस घरात आणि मी वावरातल्या गवताच्या खोपडीत. मला त्या कापसाचा रागच आला होता.

आई, म्हणजे आमच्या बोलीत याडी, रोज भाकर आणि बेसन वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवायची, मागं सरायची, मग मी उचलायचे. ती माझ्याशी वऱ्हाडीत बोले. आमच्या घरात गोरबोली, आम्हा बंजाऱ्यांची बोली, चालते. वऱ्हाडी बाजारात, एसटीत, परक्यांशी. मी शिकायला गेल्यापासून तिनं मला परक्यांत जमा केलं होतं, आणि मलाही ते सोयीचं होतं. पुण्यात कुणी गाव विचारलं, तर मी यवतमाळ म्हणायचे आणि विषय बदलायचे.

हॉस्टेलच्या ग्रुपवर मैत्रिणी केकचे फोटो टाकत होत्या. एकीनं लिहिलं की घरात बसून बसून तिला ती स्वतः सापडली. चुलीत पऱ्हाट्या सारता सारता मी ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला. मला अजून फक्त एक विंचू सापडला होता.

एका सकाळी याडी भाकर ठेवून मागं सरली नाही. पुसदकडची माझी मावशी, याडीची धाकटी बहीण, त्या आजारानं गेली होती. दवाखान्यातूनच तिला परस्पर नेलं होतं. रस्ते बंद, त्यामुळे जाण्याचा प्रश्नच नव्हता. बैल विकल्याचं सांगावं तसं याडीनं हे सांगितलं. तिचे डोळे कोरडे होते.

मी घाबरले. आमच्या बायका अशा गप्प राहत नाहीत. कुणी गेलं की, किंवा खूप दिवसांनी भेटल्या की, त्या एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडतात. गेलेल्या माणसाला हाका मारत त्याच्या आठवणी सांगत जातात. एकीचा श्वास संपला की दुसरी उचलते. लहानपणी बसस्टँडवर याडी अशी कुणाच्या गळ्यात पडली, की मी लाजून रसवंतीकडे बघत उभी राहायचे. आता मात्र तांड्यातल्या बायका आपापल्या दारांतूनच तिच्याकडे बघत होत्या. रोज मला भाकर नेऊन देणारीच्या जवळ तर कुणीच येणार नव्हतं.

"कोनाच्या गळ्यात पडू मी?" ती म्हणाली. "एकटीनं रडता येत नाई."

मला त्यातली एकही ओळ धड येत नव्हती. तरी मी ओढणी डोक्यावर घेतली, धुऱ्याच्या अलीकडे बसले आणि मावशीला हाक मारली, सुरात, जमेल तशी. आवाज फाटला. ती मला जत्रेत बांगड्या भरून द्यायची हे आठवलं, ते म्हटलं, पण मराठीत. शब्द सुरात बसेनात.

"असं नाई म्हनत," याडी म्हणाली. ती पलीकडे बसली आणि पहिली ओळ तिनं आपल्या बोलीत म्हणून दाखवली. मी तिच्यामागून म्हटली. दुसरीला तिला रडू फुटलं. पुढची तिला म्हणताच येईना, ती मी उचलली. चुकीची असेल, पण आमच्या बोलीत होती.

बराच वेळ आम्ही धुऱ्याच्या दोन बाजूंना बसून रडलो. मधे मला वाटलं झालं, म्हणून मी थांबले. याडीनं पदरानं नाक पुसलं आणि मी पुण्याला गेल्यापासून पहिल्यांदा ती माझ्याशी गोरबोलीत बोलली.

"रो, बेटी, रो."

मावशीचं लग्न अजून सांगायचं राहिलं होतं.